इग्नूची गुणसुधार योजना: दोन टक्क्यांनी अडलेल्यांसाठी एक परीक्षण

पदवी हाती आल्यानंतर पुन्हा त्याच परीक्षेला बसण्याची कल्पना बहुतेकांना नकोशी वाटते, आणि ती तशी वाटणे योग्यच आहे. मात्र एम. ए. ला ५४ टक्क्यांच्या आसपास थांबलेल्या आणि तासिका तत्त्वावर शिकवत असलेल्या माणसाला ५५ हा आकडा रोज कुठे ना कुठे भेटतो. नेटच्या, म्हणजे राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या, अर्जात तो असतो, महाराष्ट्र आणि गोव्यासाठी होणाऱ्या सेटच्या, म्हणजे राज्य पात्रता परीक्षेच्या, अर्जात असतो आणि साहाय्यक प्राध्यापकपदाच्या जाहिरातीतही असतो. मी त्यांपैकीच एक होतो. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची, म्हणजे इग्नूची, गुण व वर्ग सुधारण्याची योजना मी वापरली आणि तिचा मला उपयोग झाला. तरीही ती सरसकट कुणालाही सुचवावी असे मला वाटत नाही, आणि हे परीक्षण लिहिण्याचे मुख्य कारण तेच आहे.

प्रथम ही योजना कुणासाठी आहे ते पाहू. ती फक्त पदवी आणि पदव्युत्तर पदवीच्या अभ्यासक्रमांना लागू आहे. पदविका किंवा प्रमाणपत्र अभ्यासक्रमांना नाही. अभ्यासक्रम पूर्ण झालेला असला पाहिजे. त्यातही, ज्यांना द्वितीय किंवा प्रथम वर्गासाठी जास्तीत जास्त २ टक्के कमी पडले आहेत, अथवा पदव्युत्तर पदवीत एकूण ५५ टक्क्यांसाठी तेवढेच कमी पडले आहेत, त्यांनाच अर्ज करता येतो. ज्याला एम. ए. ला ५३.४ टक्के मिळाले तो आत आणि ज्याला ५२.६ मिळाले तो बाहेर, असा हा कोरडा हिशेब आहे. बाहेर राहिलेल्यांना ही रेघ जाचक वाटेल, परंतु विद्यापीठाचा हेतू सर्वांचे गुण वाढवण्याचा नसून थोडक्यात हुकलेल्यांना एक संधी देण्याचा आहे, हे लक्षात घेतले की नियमाची रचना समजते. आणि ही संधी खरोखरच एक आहे; दुसऱ्यांदा मिळत नाही.

अर्जाची मुदत अंतिम गुणपत्रिका दिल्याच्या तारखेपासून सहा महिन्यांची आहे. ही मुदत ऐकायला भरपूर वाटते, पण प्रत्यक्षात ती तोकडी पडते, कारण निकाल लागल्यानंतरचे पहिले काही आठवडे ‘आता काय करावे’ या विचारात जातात आणि पुष्कळांना ५५ टक्क्यांची अट खऱ्या अर्थाने भिडते ती पहिली जाहिरात वाचल्यावर. शिवाय सुधारणेची परीक्षा वेगळी घेतली जात नाही. जून आणि डिसेंबरच्या नेहमीच्या सत्रान्त (सत्राच्या अखेरीस होणाऱ्या) परीक्षेतच बसावे लागते आणि आपल्याला हवा असलेला विषय त्या वेळी परीक्षेला असावा लागतो. याच्या जोडीला आणखी एक अट आहे, जिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते: ज्या परीक्षेला बसायचे तोवर मूळ नोंदणी किंवा पुनर्प्रवेश वैध असला पाहिजे. अभ्यासक्रमाची कमाल मुदत संपलेली असेल, तर टक्केवारी कितीही जवळ असली तरी अर्ज चालत नाही. इग्नूमध्ये नोकरी सांभाळून शिकणारे बरेच जण शेवटचे विषय ओढत ओढत कमाल मुदतीच्या काठावर पूर्ण करतात. त्यांच्यासाठी ही योजना कागदावर असूनही नसल्यासारखीच आहे. माझ्या मते योजनेतील सर्वांत मोठी उणीव ही, कारण मुक्त विद्यापीठाचा खरा विद्यार्थी हाच असतो.

आता मुख्य प्रश्न: किती गुण वाढवता येतात? नियम असा की अभ्यासक्रमाच्या एकूण श्रेयांकांपैकी (क्रेडिट्सपैकी) जास्तीत जास्त २५ टक्के श्रेयांकांचे विषय पुन्हा देता येतात, तेही केवळ लेखी परीक्षेचे. असाइनमेंट, प्रात्यक्षिके, प्रकल्प, कार्यशाळा यांपैकी कशालाही हात लावता येत नाही. जिथे असाइनमेंटला ३० टक्के आणि लेखी परीक्षेला ७० टक्के भारांक असतो, तिथे या दोन अटी एकत्र केल्या की गणित उभे राहते. समजा, अभ्यासक्रम ६४ श्रेयांकांचा असून त्यात प्रत्येकी ८ श्रेयांकांचे आठ विषय आहेत. मग एकूण गुण ८००, ५५ टक्क्यांसाठी लागणारे गुण ४४०, आणि पुन्हा देता येणारे विषय दोन. ज्याला बरोबर ५४ टक्के, म्हणजे ४३२ गुण आहेत, त्याला ८ गुण कमी आहेत. ते दोन विषयांत विभागले तर प्रत्येकी ४. परंतु लेखी परीक्षेतील एक गुण अंतिम हिशेबात ०.७ एवढाच धरला जात असल्यामुळे, १०० गुणांच्या प्रश्नपत्रिकेत प्रत्येकी जवळपास ६ गुण जास्त मिळवावे लागतात. पूर्ण २ टक्के कमी असतील, तर हाच आकडा प्रत्येक विषयात सुमारे साडेअकरावर जातो. सहा गुण नीट अभ्यास करणाऱ्याच्या आवाक्यात असतात. साडेअकरा गुण, तेही दोन्ही विषयांत, ही मात्र वेगळी गोष्ट आहे, आणि अर्ज भरण्यापूर्वी हा हिशेब कागदावर मांडूनच निर्णय घ्यावा.

या हिशेबातून विषय कसे निवडावेत याचेही उत्तर मिळते. सर्वांत कमी एकूण गुणांचा विषय निवडण्याकडे साहजिक कल असतो, पण पाहायचे असते ते फक्त लेखी परीक्षेचे गुण. इग्नूच्या ग्रेड कार्डावर असाइनमेंटचे आणि सत्रान्त परीक्षेचे गुण वेगवेगळे छापलेले असतात. त्यामुळे असाइनमेंटला ७८ आणि लेखीला ४१ असा विषय लगेच नजरेत भरतो. माझा असा एक विषय होता. असाइनमेंट आरामात लिहिलेल्या, संदर्भ शोधून तयार केलेल्या, आणि परीक्षेत मात्र तीन तासांत हात चालला नव्हता. विषय समजला आहे, पण उत्तरे वेळेत उतरली नाहीत, असे हे लक्षण असते, आणि सुधारणेला सर्वांत जास्त वाव तिथेच असतो. ज्या विषयात असाइनमेंटही बेताच्या आणि लेखी गुणही बेताचे, तो विषय मुळातूनच पुन्हा शिकावा लागतो; त्यासाठी एका सत्राचा वेळ सहसा अपुरा पडतो.

माझ्या बाबतीत ४३४ गुण होते, म्हणजे ५४.२५ टक्के, कमी पडत होते ६ गुण. त्या ४१ गुणांच्या विषयात दुसऱ्या वेळी ५२ मिळाले. ११ गुणांची वाढ अंतिम हिशेबात ७.७ झाली आणि तेवढ्यावरच काम भागले. दुसऱ्या विषयात मात्र पूर्वीच्या ४६ ऐवजी ४४ आले. येथे योजनेतील सर्वांत चांगला नियम उपयोगी पडला: जुने आणि नवे यांपैकी जे गुण जास्त, तेच धरले जातात. म्हणजे पुन्हा परीक्षा दिल्याने टक्केवारी खाली येण्याची भीती नाही. मुद्दाम अवघड पण जास्त वाव असलेला विषय निवडण्याचे धाडस करता येते ते या नियमामुळेच, आणि केवळ या एका कारणासाठी मी योजनेला चांगले गुण देईन.

मात्र या सुरक्षिततेला एक किंमत आहे, आणि ती शुल्कापेक्षा मोठी आहे. शुल्क प्रत्येक विषयामागे भरावे लागते आणि ते झेपण्यासारखे असते. खरी किंमत तारखेची आहे. गुण सुधारले की अभ्यासक्रम पूर्ण झाल्याचा महिना आणि वर्ष बदलते. ज्या सत्रान्त परीक्षेत सुधारणा झाली, तिची तारीख नव्या गुणपत्रिकेवर येते. शिवाय आधी दिलेली गुणपत्रिका, तात्पुरते प्रमाणपत्र आणि पदवी प्रमाणपत्र परत केल्याशिवाय वाढलेले गुण नोंदवले जात नाहीत. नोकरभरतीच्या जाहिरातीत शैक्षणिक अर्हता अर्जाच्या अंतिम दिनांकापर्यंत पूर्ण असावी लागते. त्यामुळे जुन्या पदवीच्या आधारावर एखाद्या पदासाठी आधीच अर्ज केलेला असेल, तर कागदपत्र पडताळणीच्या वेळी पदवीची तारीख अंतिम दिनांकानंतरची निघण्याचा धोका असतो. ज्याची कुठेतरी निवडप्रक्रिया सुरू आहे, त्याने ती पूर्ण होईपर्यंत या वाटेला जाऊ नये. जाणाऱ्याने जुन्या कागदपत्रांच्या साक्षांकित प्रती काढून ठेवाव्यात आणि निर्णय होण्यापूर्वी दीक्षान्त समारंभाच्या शुल्काची घाई करू नये.

हीच तारीख नेट उत्तीर्ण झालेल्यांना वेगळ्या प्रकारे भिडते. पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या अंतिम वर्षात असताना नेट देता येते. परंतु निकालाच्या तारखेपासून दोन वर्षांच्या आत आवश्यक टक्केवारीसह पदव्युत्तर पदवी पूर्ण करावी लागते, अन्यथा पात्रता जाते. खुल्या प्रवर्गासाठी ही टक्केवारी ५५ आहे, तर अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, नॉन-क्रीमी लेयर इतर मागासवर्ग आणि दिव्यांग उमेदवारांसाठी ५०. येथे पूर्णांकात रूपांतर चालत नाही; ५४.९९ म्हणजे ५५ नव्हे. एखाद्याने नेट काढली आणि एम. ए. चा निकाल ५४.३ लागला, तर त्याच्यासाठी ही योजना सोय राहत नाही, ती गरज होते, आणि त्या दोन वर्षांत सुधारणेची परीक्षा व निकाल दोन्ही बसवावे लागतात. अशा विद्यार्थ्याने जूनची संधी सोडून डिसेंबरची वाट पाहणे परवडणारे नाही.

पदवीच्या पातळीवर माझे मत अधिक सावध आहे. बी. एड. ला प्रवेशासाठी खुल्या प्रवर्गात पदवी किंवा पदव्युत्तर पदवीला ५० टक्के लागतात, महाराष्ट्रात एम. बी. ए. च्या प्रवेशासाठीही पदवीला ५० टक्के, आणि राज्यातील मागासवर्गीय उमेदवारांना ४५. तेव्हा ४८ ते ५० च्या दरम्यान अडलेल्या पदवीधराने अर्ज जरूर करावा. परंतु ५८ किंवा ५९ टक्क्यांवरून ६० वर जाऊन प्रथम वर्ग लावण्यासाठी हा खटाटोप करणाऱ्यांची संख्याही कमी नाही, आणि त्यांच्यापैकी अनेकांचे लक्ष्य राज्यसेवा किंवा केंद्रीय नागरी सेवा परीक्षा असते. या परीक्षांना पदवी लागते, पदवीतील विशिष्ट टक्केवारी लागत नाही. घरच्यांना ‘फर्स्ट क्लास’ सांगता यावा एवढ्यासाठी एक सत्र घालवणे मला पटत नाही. ज्याला पटते त्याने खुशाल घालवावे, पण त्या काळात स्पर्धा परीक्षेचा किती अभ्यास झाला असता तेही मोजावे.

अर्ज करण्यापूर्वी पुनर्मूल्यांकनाचा मार्गही पाहावा, असे माझे सांगणे आहे. त्याची मुदत निकालानंतर एक महिन्याची असते आणि तिथेही जुन्या आणि नव्या गुणांपैकी जास्त असलेले गुण धरले जातात. अपेक्षेपेक्षा फारच कमी गुण आलेला एखादा विषय असेल आणि एकूण तूट तीन-चार गुणांची असेल, तर पुन्हा परीक्षा न देताच काम होऊ शकते. सहा महिन्यांच्या मुदतीकडे पाहून निर्धास्त राहणाऱ्यांचा हा एक महिना बहुधा निसटतो.

अभ्यासाच्या साहित्याबाबत तक्रारीला जागा नाही. इग्नूची पाठ्यपुस्तके ई-ज्ञानकोश या विद्यापीठाच्या ऑनलाइन संग्रहावर विनामूल्य उपलब्ध आहेत आणि मागील प्रश्नपत्रिका विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मिळतात. दुसऱ्या खेपेस पुस्तक नव्याने वाचण्यापेक्षा जुने प्रश्न घड्याळ लावून हाताने लिहून काढण्याचा फायदा जास्त होतो, विशेषतः मराठी माध्यमातून शिकून इंग्रजीत उत्तरे लिहिणाऱ्यांना, कारण त्यांचा वेळ आशयापेक्षा वाक्यरचनेत जातो. एरवी टंकलेखनाची सवय झालेल्या हाताला सलग तीन तास लिहिणे किती जड जाते, हे परीक्षागृहात कळण्यापेक्षा घरी कळलेले बरे. अभ्यासकेंद्रांच्या आसपास तयार असाइनमेंट विकणारी आणि ‘टक्के वाढवून देऊ’ असे सांगणारी मंडळी आढळतात. ज्या योजनेत असाइनमेंटला हातच लावता येत नाही, तिथे त्यांच्याकडून मिळण्यासारखे काही नाही.

अर्जाचा नमुना आणि सर्व अटी अभ्यासक्रमाच्या माहितीपुस्तिकेत दिलेल्या असतात. शुल्क आणि अर्ज पाठवण्याची पद्धत बदलत असल्याने जुन्या पुस्तिकेवर न विसंबता चालू सूचना संकेतस्थळावर पाहाव्यात. मुंबई, पुणे आणि नागपूर येथील प्रादेशिक केंद्रांत चौकशी करता येते. मूल्यांकनाचे काम मात्र नवी दिल्लीतील मैदानगढी येथील विद्यार्थी मूल्यांकन विभागाचे आहे, त्यामुळे पत्रव्यवहारात नावनोंदणी क्रमांक, अभ्यासक्रमाचा संकेतांक आणि निवडलेल्या विषयांचे संकेतांक अचूक लिहावेत आणि पाठवलेल्या प्रत्येक कागदाची प्रत पोचपावतीसह स्वतःजवळ ठेवावी.