गच्चीवरच्या बागेखालची ईपीडीएम शीट: एका कोकणी पावसाळ्यानंतर

ईपीडीएम म्हणजे पाणी अडवायला गच्चीवर अंथरायचं कृत्रिम रबर. शीटला पूर्ण गुण. ती बसवणाऱ्याने पाणी निघायच्या पाइपाच्या तोंडाशी जे केलं, त्याला शून्य. माझा सगळा राग त्या वीतभर जागेवर आहे.

आम्ही रत्नागिरीत राहतो. गच्चीवर कुंड्या नकोत, थेट माती पसरून बाग करायची हे ठरलेलं होतं. गॅसच्या टॉर्चने तापवून चिकटवायचं डांबरी मेम्ब्रेन (पाणी अडवणारा थर) बरंच स्वस्त पडत होतं. पण त्याचा साधा रोल मुळं भेदतात, आणि इकडे पक्ष्यांच्या विष्ठेतून पिंपळ कुठेही उगवतो. मुळं अडवणारा रोल घ्यायचा तर स्वस्ताई उरत नाही. म्हणून दीड मिलिमीटरची ईपीडीएम घेतली. रुंद पन्ना मिळाल्याने मधे एकही जोड नाही. वर जिओटेक्स्टाइल (पाणी झिरपू देणारं जाड कापड), ड्रेनबोर्ड (पाणी वाहून नेणारा खाचांचा प्लास्टिकचा थर), मग कोकोपीट मिसळलेली हलकी माती. वजनाचं आधी इंजिनिअरला विचारा: माणसांचा वावर असलेल्या गच्चीसाठी धरतात तो भार चौरस मीटरला साधारण दीडशे किलो, आणि दहा सेंटीमीटर साधी माती भिजली की तेवढी सहज भरते.

आषाढाच्या झडीत मागच्या खोलीच्या छताला ओल आली. तेव्हा मी शीटच्या नावाने बोटं मोडत होतो. ठेकेदाराला फोन केला तर म्हणाला, "काका, गॅरंटी शीटची आहे, पाइपाच्या तोंडाची नाही." अहो, गच्चीवरचं सगळं पाणी तिथूनच जातं! वर माती उपसायचे पैसे वेगळे मागितले.

शेवटी घरच्यांनीच त्या कोपऱ्यातली माती बाजूला केली. शीट ठणठणीत, एक ओरखडा नाही. तोंडाभोवती मात्र त्याने डांबरी मॅस्टिक (फटी बुजवायचा चिकट लेप) फासलं होतं. डांबरातलं तेल ईपीडीएमला चालत नाही, रबर फुगतं. कडा फुगून सुटली होती आणि पाणी शीटखाली शिरत होतं. मग दुसऱ्या कारागिराकडून प्रायमर, जोडपट्टी, तोंडाला ईपीडीएमचाच ठिगळ आणि वरून आवळायची रिंग, असं करून घेतलं. श्रावण-भाद्रपदात छत कोरडं राहिलं. पैसे दोनदा गेले याची चीड अजून आहे, पण आज पुन्हा घ्यायची झाली तर हीच शीट घेईन.

तुम्ही करत असाल तर कोटेशनमध्ये पाइपाचं तोंड, कोपऱ्यांतला वाटा (जमीन-भिंतीच्या सांध्यातला गोलसर गिलावा) आणि कठड्यावर मातीच्या वर किमान दीडशे मिलिमीटर चढवलेली शीट हे वेगवेगळं लिहून घ्या. गॅरंटीत तिन्हींचा उल्लेख हवा. माती टाकण्याआधी पाइप बंद करून निदान दोन दिवस पाणी तुंबवून ठेवा, आणि खालच्या खोलीत छताला हात लावून बघा. तोंडावर जाळीचा डबा ठेवून भोवती माती नको, खडीच भरा. म्हणजे दर मृगाच्या आधी झाकण उघडून कडा तपासता येते.