16 टीबीच्या डबीत 64 जीबी

16 टीबीचा एसएसडी, म्हणजे फाइल्स साठवायचा वेगवान ड्राइव्ह, म्हणून मला 64 जीबीचं मेमरी कार्ड विकलं गेलं. एडिटिंगवर पोट असलेला माणूस मी. हे लिहितानाही लाज वाटते.

असल्या ड्राइव्हचे किस्से तुम्ही ऐकलेत, मीही ऐकले होते. पण गरज खरी होती. 26 तासांच्या मुलाखती, 4के, सेकंदाला 100 मेगाबिट. म्हणजे तासाला 45 जीबी, एकूण 1,170 जीबी. प्रोरेस 422 या एडिटिंगला सोप्या पण जड फॉरमॅटमध्ये बदललं की 25 फ्रेम्सना तासाला साधारण 221 जीबी, म्हणजे पावणेसहा टीबी. वर प्रिव्ह्यू, कॅश, एक्सपोर्ट वेगळं. अशा वेळी 16 टीबी दिसले, तेही नामांकित 4 टीबीपेक्षा स्वस्त, तर तुम्ही काय केलं असतं? रिव्ह्यू सगळे पाच स्टारवाले. ते डबी हातात पडली त्याच दिवशी लिहिलेले असतात हे आता कळतंय. ड्राइव्ह भरून बघितलाय कोणी?

जोडल्यावर प्रॉपर्टीज उघडल्या. 16 टीबी, पूर्ण. इथेच माझी अक्कल गहाण पडली. विंडोजमध्ये 1 टीबीचा ड्राइव्ह 931 जीबी दिसतो, हे मी नवीन पोरांना शिकवतो. खरा 16 टीबी साडेचौदाच्या आसपास दिसायला हवा. आणि मी खूश, की बघा, एक जीबीसुद्धा कमी नाही! कॉपीचा वेग सेकंदाला 20 एमबीवर येऊन बसला तेव्हा शिव्या घातल्या त्या केबलला. सव्वासोळा तास कॉपी चालली. सकाळी पहिल्या तीन क्लिप्स लावल्या, झक्क चालल्या. चालणारच, त्या पहिल्या 64 जीबीत होत्या. तपासायचं तर शेवटची क्लिप लावा, मधली लावा. मी तेवढ्यावर कॅमेऱ्याची दहाच्या दहा कार्डं फॉरमॅट केली.

पुढच्या फाइल्सची नावं बरोबर, साइझ बरोबर, आत नुसती शून्यं. ड्राइव्हच्या आतलं फर्मवेअर, म्हणजे तो चालवणारा प्रोग्रॅम, कॉम्प्युटरला खोटा आकडा सांगतं, जागा संपली की पुढचं सगळं गिळतं आणि वर 'कॉपी झाली' म्हणतं. चाकूने डबी उघडली. नखाएवढं कार्ड, हिरवी पट्टी, गोंदाचा लपका, आणि वजन भासावं म्हणून चिकटवलेला लोखंडाचा तुकडा. त्या तुकड्याचा राग सर्वांत जास्त आला.

हातात राहिली 1 तास 22 मिनिटं. चार कार्डांवर तोवर नवीन शूट झालं होतं. उरलेल्या सहांतून फोटोरेक या पुसलेल्या फाइल्स शोधणाऱ्या प्रोग्रॅमने 9 तास 40 मिनिटं परत दिली, तीही तुकड्यातुकड्यांत. दोन ठिकाणी कॉपी झाल्याशिवाय कार्डाला हात लावू नका, एवढं तरी ऐका.

विक्रेता म्हणाला, फॉरमॅट करून बघा. विक्री करणाऱ्या साइटने पुरावा मागितला. मी प्रॉपर्टीजचा स्क्रीनशॉट पाठवला, तर उत्तर आलं, "यात 16 टीबी दिसत आहे, वस्तू वर्णनानुसार आहे." उघडलेल्या डबीचा फोटो पाठवला, तर म्हणे उघडलेली वस्तू परत घेत नाही! न उघडता आतलं दाखवायचं कसं, यावर कोणाकडेच उत्तर नाही. पाच वेळा वेगवेगळ्या माणसाला पहिल्यापासून तीच कथा. पोलिसांत गेलो, तर साहेब म्हणाले, वस्तू मिळाली ना, मग फसवणूक कसली? त्यांनी डबी स्वतः जोडून बघितली आणि म्हणाले, चालू आहे की. 26 तासांच्या मुलाखतींची किंमत लिहायला अर्जात रकाना नाही. दरम्यान साइटवरून मेसेज आला: तुमची तक्रार समाधानकारकरीत्या बंद करण्यात आली आहे. कोणाचं समाधान?

खिशात मावणारे खरे एसएसडी सहसा 4 किंवा 8 टीबीला थांबतात. त्यापुढचं कोणी स्वस्तात देत असेल तर पळा. आणि नवा ड्राइव्ह आला की आधी तपासणीचा प्रोग्रॅम चालवा: विंडोजवर एच2टेस्टडब्ल्यू, मॅक किंवा लिनक्सवर एफ3. ते ड्राइव्ह काठोकाठ भरून परत वाचतात. वेळ खातात, खाऊ द्या.

काल बघितलं, ते दुकान गायब झालंय. तीच काळी डबी दुसऱ्या नावाने आलीय, आता 30 टीबीची.