बाहुली मोजायची मशीन, ३.५ स्टार

कबड्डीत माह्या भाच्याचं डोकं दुसऱ्या पोट्ट्याच्या गुडघ्यावर आदळलं, बेशुद्ध नाही झाला पण अर्धा तास एकच चालू, मामा स्कोर किती झाला, मामा स्कोर किती झाला. दारव्ह्याहून थेट यवतमाळले एका खाजगी दवाखान्यात नेलं, तिथं डोळ्याची बाहुली मोजायची मशीन आहे, प्युपिलोमीटर म्हणतात.

काउंटरवरचा म्हणे मशीननं सगळं कळते. नाही कळत बाप्पा! डॉक्टरनं नीट सांगितलं, उजेड पडला की डोळ्याकडून मेंदूच्या देठापर्यंत निरोप जातो आणि तिथून परत बाहुलीले आकस म्हणून हुकूम येतो, मार लागला असला तर ह्या येण्याजाण्यात थोडा उशीर होऊ शकते. टॉर्चनं तो उशीर माणसाच्या डोळ्याले दिसत नाही, मशीन इन्फ्रारेड कॅमेऱ्यानं मोजते. बाहुली किती मिमी, किती वेळानं आकसली, किती वेगानं, परत कशी उघडली, सगळं काही सेकंदात.

पण नर्सताईनं उन्हातून आल्या आल्याच मोजलं, डॉक्टर भडकले, अंधाऱ्या खोलीत बसवून परत मोजायले लावलं. फवारणी केली का, डोळ्यात ड्रॉप टाकला का हेही विचारलं, काऊन का काही औषधांनी बाहुली टाचणीएवढी होते तर काहींनी मोठी. २०१७ ची फवारणीची विषबाधा पाहिलेल्या आमच्या जिल्ह्यात हे कोणाले समजावून सांगायची गरज नाही. दोन डोळ्यांत अर्ध्या मिमीचा फरक निघाला, मी घाबरलो, तर म्हणे १ मिमीच्या आतला फरक चांगल्या धडधाकट माणसांतही पाचातल्या एकाले असते.

सीटी क्लीन आला, हलक्या मारात बहुतेक तसाच येते. मग उभं करून तोल पाहिला, आठवण तपासली, आणि रात्री उलटी, वाढतं डोकं दुखणं, जागं करूनही न उठणं यावर लक्ष ठेवा म्हणाले.

दीड स्टार कापला कारण आकडे कागदावर देत नाहीत, मोबाइलमधे फोटो काढून घ्या म्हणतात. आठ दिवसांनी परत मोजलं तर बाहुली आकसायचा वेग वाढलेला दिसला, पण पडायच्या आधीचा त्याचा नॉर्मल किती होता हे कोणाजवळच नाही नं. म्हणून मास्तरले म्हटलं सीझनच्या आधी सगळ्या पोट्ट्यांचं एकदा मोजून घेऊ, तर म्हणे पहिले मॅट तर येऊ द्या गावात.