माशाच्या उरल्यासुरल्यातून पेप्टाइड: पपेन की अल्कलेज?

फिले काढल्यावर डोकी, काटे आणि त्यांना चिकटलेलं मांस उरतं. त्यातून पेप्टाइड (प्रथिनांचे छोटे तुकडे) काढायचे तर प्रथिनं तोडणारं विकर (एन्झाइम) कोणतं?

मटण लवकर शिजावं म्हणून कच्च्या पपईचा तुकडा लावतो ना, त्यातलंच पपेन. माशाचा मूळ सामू (pH) साडेसहाच्या आसपास असतो. पपेन तिथेच कामाला लागतं. अल्कलेज मात्र जिवाणूपासून मिळतं आणि त्याचे लाड जास्त. सामू 8 च्या जवळ, तापमान 50 ते 60 अंश सेल्सियस. प्रथिनं तुटू लागली की सामू घसरतो, मग सोडियम हायड्रॉक्साइड थेंबथेंब घालत बसायचं. नंतर आम्लाने सामू खाली आणला की त्याचं मीठ होतं आणि पेप्टाइडच्या भुकटीत उतरतं.

तरी माझं मत अल्कलेजलाच. ते साखळ्या सहसा जास्त बारीक तोडतं, आणि रक्तदाब वाढवण्यात हात असलेल्या एसीई विकराला अडवणारे पेप्टाइड बहुतेक छोटेच असतात. (अर्थात परीक्षानळी म्हणजे माणूस नव्हे.)

कडवटपणा दोन्हींत येतो. त्यावर बुरशीपासून केलेलं फ्लेवरझाइम हे विकर चालतं. पपेन उष्णतेला चिवट, त्यामुळे शेवटी ते थांबवताना आच जरा जास्तच द्यावी.