आठ महिने इंग्रजी शब्दाचा मराठी अर्थ बघितला नाही, त्याचा अनुभव

मी पिंपळगाव बसवंतजवळच्या एका द्राक्ष पॅकहाउसमध्ये डॉक्युमेंटेशन बघते. शाळा मराठी माध्यमाची, मग बी.कॉम. सीझनमध्ये रोज हॉलंडच्या खरेदीदारांना ईमेल लिहावे लागतात. मागच्या सीझनला मी एकदा लिहिलं, 'वी हार्डली चेक्ड ऑल बॉक्सेस'. म्हणायचं होतं, मरमर करून सगळे बॉक्स तपासले. हार्ड म्हणजे कष्टाचं, त्याला ली लावलं की कष्टाने, एवढा सरळ हिशेब. दहा मिनिटांत तिकडून फोन आला. साहेबांनी ईमेल वाचून दाखवला तेव्हा कळलं, 'बॉक्स आम्ही तपासलेच नाहीत म्हणा ना' असं मी स्वतःच्या नावाखाली कळवून मोकळी झालेय.

तेव्हा माझ्या मोबाइलवर शब्दांचं एक अ‍ॅप होतं, वर्षाचे पैसे भरून घेतलेलं. रोज दहा शब्द, खाली मराठी अर्थ. तीन महिन्यांत अ‍ॅपच्या हिशेबाने माझे नऊशे शब्द 'पूर्ण' झाले होते, आणि त्यातला एकही ईमेलमध्ये उतरत नव्हता. सॅड, ग्लूमी, मेलंकली, डिजेक्टेड, सगळ्यांपुढे 'उदास'. चार शब्द शिकले असं वाटायचं, हातात एकच असायचा आणि तोही मराठी.

जूनमध्ये अ‍ॅप काढून टाकलं आणि लाँगमनची शिकणाऱ्यांसाठीची इंग्रजी-इंग्रजी डिक्शनरी वापरायला लागले. वेबसाइटवर ती फुकट बघता येते. ही पहिल्यांदा 1978 साली आली, आणि तिची खरी गंमत म्हणजे सगळ्या व्याख्या साधारण 2000 सोप्या शब्दांतच लिहिलेल्या असतात. बाहेरचा शब्द वापरावाच लागला तर तो छोट्या कॅपिटल अक्षरांत छापतात, म्हणजे लगेच कळतं की हा वेगळा बघायचाय. घरात सासऱ्यांची एक जुनी जाडजूड डिक्शनरी आहे, तिच्यात एका अवघड शब्दापुढे दुसरा अवघड शब्द असतो. तो बघायला जावं तर तो पहिल्याकडे परत पाठवतो. तालुक्याच्या कचेरीतल्या टेबलांसारखं.

मोजक्या शब्दांत व्याख्या लिहायची ही युक्ती इंग्रजांच्या काळातल्या हिंदुस्थानातल्या शिकवण्यातून आली हे मला नंतर कळलं. मायकेल वेस्ट नावाचा इंग्रज शिक्षक ढाक्याला काम करायचा. बंगाली मुलांना इंग्रजी वाचता यावं म्हणून तो शब्दांची छाटणी करत बसला, आणि 1935 मध्ये त्याने जी डिक्शनरी काढली तिच्यात सगळ्या व्याख्या फक्त 1490 शब्दांत भागवल्या. द्राक्षवाल्यांना हे पटकन कळेल. वेलीवर काडी कमी ठेवली की घड भरतो.

पहिला महिना वैताग होता. एक शब्द बघायला तीन मिनिटं, आणि डोकं मराठी अर्थ मागत राहायचं. पण दुसऱ्या महिन्यात डिक्लाइन, रिफ्यूज आणि रिजेक्ट एकापाठोपाठ बघितले. मराठीत तिन्हीला मी 'नाकारणे' म्हणत आले. व्याख्या वाचल्यावर कळलं, डिक्लाइन म्हणजे सभ्यपणे नको म्हणणं, रिफ्यूज म्हणजे ठामपणे करणार नाही म्हणणं, आणि रिजेक्ट म्हणजे वस्तू पसंतीला उतरली नाही म्हणून न घेणं. आता खरेदीदाराने पुढचा कंटेनर 'डिक्लाइन' केला तर त्याला सध्या माल नकोय. 'रिजेक्ट' केला तर आपल्या मालात खोट आहे आणि भावावर बोलावं लागणार. पाच वर्षं मी दोन्ही ईमेलना एकाच घाबरलेल्या सुरात उत्तरं देत होते.

'बारीक'ने तर माझी फारच फजिती केलेली निघाली. बारीक मण्यांना मी 'थिन बेरीज' लिहायचे. थिनच्या व्याख्येत जाडी येते, आकार नाही, म्हणजे मी चपट्या द्राक्षांबद्दल लिहीत होते. पॅकहाउसमध्ये आम्ही सगळे ज्याला 'शॉर्ट बेरी' म्हणतो तो शब्दही मुळात 'शॉट' आहे. शॉटचा एक अर्थ बंदुकीचे छर्रे. घडातले ते न भरलेले, छर्ऱ्याएवढे मणी डोळ्यासमोर आणा, शब्द पुन्हा विसरणार नाही.

क्रियापदांसाठी मात्र मी कोबिल्ड उघडते. 1987 ची ही डिक्शनरी व्याख्या पूर्ण वाक्यातच देते, 'इफ यू' करून सुरुवात. त्यामुळे कोण, कशाला आणि पुढे कोणतं प्रिपोझिशन, हे व्याख्येतच मिळतं. 'डिस्कस अबाउट' लिहायची माझी खोड इथेच गेली.

वाचून विसरायचं नसेल तर कार्डं करावीच लागतात. मी लाइटनरची पद्धत घेतली: पाच खोके, उत्तर बरोबर आलं की कार्ड पुढच्या खोक्यात, चुकलं की थेट पहिल्यात. खोके म्हणून अर्धा किलोचे रिकामे पनेट, म्हणजे द्राक्षं भरायचे छोटे डबे, वापरले, आमच्याकडे त्यांना काय तोटा. कार्डाच्या पुढच्या बाजूला व्याख्या आणि मागे शब्द, हे उलटं ठेवणं महत्त्वाचं. शब्द बघून अर्थ आठवणं सोपं असतं, पण ईमेल लिहिताना आपल्याकडे अर्थ असतो आणि शब्द शोधायचा असतो. आज साडेचारशेच्या आसपास कार्डं आहेत, निम्म्याहून थोडी जास्त पाचव्या पनेटमध्ये. ऑक्टोबर छाटणीच्या गडबडीत घरच्या बागेत तीन आठवडे गेले, तेव्हा पहिला पनेट भरून वाहिला होता.

काय जमलं नाही तेही सांगते. बोलणं फारसं सुधारलं नाही. फोनवर अजून अडखळते, कारण व्याख्या वाचून उच्चार आणि वेग येत नाही. वस्तूंच्या नावांना ही पद्धत निरुपयोगी आहे, तिथे फोटो बघावा. शेतीच्या शब्दांनाही पुरत नाही. मिल्ड्यूची व्याख्या ओलसर भिंतीवरच्या बुरशीजवळ थांबते. आपल्याला भुरी आणि डावणी हे द्राक्षावरचे दोन मिल्ड्यू रोग वेगळे सांगायचे असतात, फवारणीच वेगळी असते. त्यासाठी संशोधन केंद्राची पत्रकं वाचावी लागली. आणि स्पर्धा परीक्षेला महिना उरला असेल तर या वाटेला जाऊ नका, तिथे पाठांतरच चालतं.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो मात्र एका खेळाचा. सातवीतली लेक आणि मी रात्री जेवताना मराठी शब्दांच्या व्याख्या त्याच दोन हजार शब्दांत इंग्रजीत करतो. 'उष्टं' ला चार दिवस लागले. मी 'उरलेलं अन्न' अशा अर्थाचं लिहिलं, तर ती म्हणाली, "आई, पातेल्यातलं पण उरलेलंच असतं, ते कुठे उष्टं?" मग कोणीतरी तोंड लावलेलं, आणि म्हणून दुसऱ्याला द्यायचं नाही, असं करत करत व्याख्या झाली. 'खरकटं' अजून अडकलंय. परवाचा माझा प्रयत्न बावीस शब्दांचा होता, आणि त्यात भांडं आलं, हात यायचे राहिले.