मंत्री अडवायचा कशावरून: मतदानावरून की वागण्यावरून?

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षांनी सुचवलेल्या मंत्र्याला सिनेटची, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहाची, मंजुरी लागते. विरोधाचे दोन मार्ग, दोन जुनी उदाहरणं.

2017 मध्ये सिनेटर जेफ सेशन्स यांचं नाव ॲटर्नी जनरलपदासाठी (न्याय खात्याचे प्रमुख) आलं. विरोधकांनी त्यांनी सिनेटमध्ये दिलेली जुनी मतं काढली. कैद्यांच्या छळाला मनाई करणारी 2005 ची दुरुस्ती 90 विरुद्ध 9 ने मंजूर झाली. त्या नऊंत सेशन्स होते. महिलांवरील हिंसाचारविरोधी कायद्याच्या 2013 च्या नूतनीकरणालाही त्यांचा नकारच. समर्थकांनी मग मतदान हक्क कायद्याच्या 2006 च्या नूतनीकरणाला त्यांनी दिलेलं मत पुढे केलं. डेमोक्रॅट सिनेटर कोरी बुकर यांनी तर सहकारी सिनेटरविरुद्ध समितीपुढे साक्ष दिली. तरी सेशन्स 52-47 ने तरले. विरोधी डेमोक्रॅट्सपैकी फुटले एकटे जो मँचिन.

1989 मध्ये जॉन टॉवर यांना मात्र संरक्षणमंत्रिपद नाकारलं गेलं, 47-53 ने. टॉवर माजी सिनेटर, पण मुद्दा मद्यपानाचा आणि संरक्षण कंपन्यांशी असलेल्या संबंधांचा होता.

दुसरा मार्ग फळला खरा, पण त्यात कुजबूजही बरीच होती. मला पहिलाच पटतो: दिलेलं मत कुणालाही तपासता येतं, आणि उमेदवाराला ते नाकारता येत नाही.