तानपुऱ्याची जवारी कोडमधे आणायची तर सीसाउंड घ्यावं की सुपरकोलायडर

कोड लिहून आवाज काढता येतो हे आता बऱ्याच पोरांना माहीत झालंय, पण भाषेत जी गोष्ट मुळातच नाही ती आपण स्वतः घालायची म्हटलं तर कोणती भाषा धरावी यावर मराठीत कुठं काही सापडत नाही, म्हणून सीसाउंड आणि सुपरकोलायडर या आवाज बनवायच्या दोन भाषांबद्दल लिहितोय. मी आर्णीकडच्या एका खेड्यात राहतो, यवतमाळ जिल्हा. लॅपटॉप जुना, रॅम ४ जीबी, नेट मोबाईलच्या हॉटस्पॉटवर आणि लाईन कधी जाईल याचा नेम नाही. त्यामुळे माझं मत इथल्या परिस्थितीतलं आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

मला पाहिजे होता तानपुरा, गावच्या भजन मंडळासाठी, काळी १ चा, म्हणजे पेटीवरच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुराचा. नुसती तार छेडल्याचा आवाज जवळपास सगळ्या भाषांत तयार मिळतो, पण जवारी मिळत नाही. घोडीवर दोरा सरकवला की तार घोडीला टेकत-सुटत बोलते, तो जो झणका असतो तो. तार एकेक फेरी मारते तसा प्रत्येक फेरीला आवाजाचा आकार थोडा बदलत जातो, मग कोडमधे हे करायचं तर बाहेर आलेला आवाज परत आत सोडावा लागतो, फीडबॅक द्यावा लागतो, आणि दोन्ही भाषांतला खरा फरक इथंच कळतो.

कॉम्प्युटरमधे आवाज म्हणजे एकामागून एक आकडे, एकेका आकड्याला सॅम्पल म्हणतात, आणि या भाषा ते गठ्ठ्यानं बनवतात. सेटिंगला हात लावला नाही तर सुपरकोलायडरचा गठ्ठा ६४ सॅम्पलचा आणि सीसाउंडचा १० चा. मागचा आवाज आत सोडला तर तो पुढच्या गठ्ठ्यालाच हाती येतो, म्हणजे तेवढा उशीर ठरलेलाच. आता काळी १ चा सा म्हणजे साधारण १३८.६ हर्ट्झ, सेकंदाला ४४,१०० सॅम्पल धरले तर तारेची एक फेरी ३१८ सॅम्पलची. सुपरकोलायडरमधे मी ३१८ चा डिले, म्हणजे उशीर, टाकला आणि गठ्ठ्याचे ६४ त्यातून वजा करायचे राहून गेले, फेरी झाली ३८२ ची आणि सूर उतरून ११५ हर्ट्झवर आला. मला वाटलं बरोबर आहे, तार तर छान वाजत होती. मंडळातले काका ओट्यावर बसले होते, त्यांनी पेटीवर सा दाबला, दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, "बाबू, हा सा नाही होय, हा तं खालचा धैवत होय." हिशोब करून पाहिला तर १३८.६ चे सहा भाग करून पाच घेतले की ११५.५, म्हणजे मंद्रातला शुद्ध धैवतच. त्यांनी कानानं जे पकडलं ते मला कागदावर मांडायला अर्धा तास लागला. ६४ वजा केले, सा जागेवर.

म्हणजे सुपरकोलायडरमधे हे होतं, पण एका हद्दीपर्यंतच. ४४,१०० ला ६४ नं भागलं की ६८९ हर्ट्झ, त्याच्या वरच्या सुराची तार अशा फीडबॅकनं बनतच नाही. सर्व्हर, म्हणजे त्यातला आवाज काढणारा भाग, सुरू करतानाच गठ्ठा १ चा करता येतो, पण मग सगळाच सर्व्हर सॅम्पल-सॅम्पल करत चालतो आणि माझ्यासारख्या लॅपटॉपचा दम निघतो. सीसाउंडमधे आपला स्वतःचा ऑपकोड, म्हणजे आवाजाचं एक काम करणारा तुकडा, लिहिता येतो, त्याला यूडीओ म्हणतात, आणि फक्त तेवढ्याच ऑपकोडपुरता गठ्ठा १ चा करता येतो, एका ओळीत, बाकीचा कोड आपला १० नं चालत राहतो. जवारीसाठी मला नेमकं हेच लागत होतं. तारेचा भाग एकेक सॅम्पलनं, बाकी घुमारा वगैरे नेहमीसारखा. सी प्लस प्लसला हातही लावावा लागला नाही.

उलट खंजिरीच्या वेळी सुपरकोलायडर सरस ठरलं. आमच्या भागात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांमुळे खंजिरीवर भजन घराघरात आहे, त्यांच्या आश्रमाची मोझरी काही फार लांब नाही, त्यामुळे खंजिरीच्या झांजा खऱ्या वाटल्या नाही तर इथं कोणी ऐकून घेत नाही. मी त्या झांजाही फीडबॅकनं करायला गेलो आणि दोन रात्री गेल्या, त्या सुरांचं काम हजारो हर्ट्झमधलं, ६८९ च्या हद्दीत कुठून बसणार. मग कळलं की क्लँक नावाचं तयार युनिट आहे, धातूच्या वेगवेगळ्या सुरांची यादी द्यायची आणि त्याला एक छोटा धक्का द्यायचा, झांज वाजते. शिवाय सर्व्हर चालू ठेवूनच आकडे बदलून पुढचा ठोका ऐकता येतो, थांबवायची गरज नाही, कान लावून जुळवायच्या कामात हे फार मोठं आहे. आणि २२ श्रुतींसाठी नवीन काही लिहायला बसणार असाल तर थांबा, सुपरकोलायडरच्या ट्यूनिंगच्या यादीत श्रुती नावाचं २२ स्वरांचं ट्यूनिंग आधीच आहे. आहे ते आधी शोधा, मी शोधलं नव्हतं म्हणून सांगतो.

जे भाषेत राहून होतच नाही ते सी प्लस प्लसमधे प्लगिन, म्हणजे बाहेरून जोडायचा भाग, म्हणून लिहावं लागतं, दोन्हीकडे तशी सोय आहे. सुपरकोलायडरमधे कामं दोन होतात कारण भाषा वेगळी आणि आवाज काढणारा सर्व्हर वेगळा, सर्व्हरसाठी प्लगिन आणि भाषेसाठी त्याची क्लास फाईल, दोन्हीतले इनपुट एका क्रमानं आले नाही तर आवाज भलताच येतो आणि चूक कुठं आहे ते दिसत नाही. सीसाउंडमधे सगळं एकाच लायब्ररीत राहतं. पण दोन्हीकडची खरी अडचण वेगळीच आहे. विंडोजसाठी वेगळं, लिनक्ससाठी वेगळं, मॅकसाठी वेगळं बिल्ड करावं लागतं, म्हणजे कोडपासून चालणारं प्लगिन बनवावं लागतं. माझं एक बिल्ड रात्री चालू होतं, बॅटरी आधीच म्हातारी, लाईन गेली आणि सकाळी परत पहिल्यापासून. यूडीओ म्हणजे साधी टेक्स्ट फाईल, दोन-चार केबी. पुसदच्या मित्राला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली, त्यानं आपल्या कोडमधे एका ओळीत जोडली, त्याच दिवशी त्याच्याकडे तानपुरा वाजला.

जुना कोड पुढं चालेल का, हीपण काळजी असते. सीसाउंड बॅरी व्हर्को यांनी १९८६ मधे एमआयटीत केलं, आणि जुन्या रचना नव्या आवृत्तीतही वाजल्या पाहिजेत यावर ती मंडळी फार ठाम असतात. जेम्स मॅकार्टनी यांचं सुपरकोलायडर १९९६ चं, २००२ पासून मुक्त सॉफ्टवेअर. तिथं भाषेतला कोड सहसा टिकतो, पण सर्व्हरचा प्लगिनशी असलेला करार बदलला की जुनं प्लगिन लोड होत नाही, परत बिल्ड करावं लागतं. हॉटस्पॉटवर सगळा सोर्स पुन्हा उतरवायचा म्हणजे दोन दिवसांचा डेटा गेला.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. सोनिक पाय ही भाषा शाळेतल्या पोरांसाठी पहिली पसंती, भजनी ठेक्याच्या ८ मात्रा लूपमधे बसवायला पोरांना एक तास पुरतो, पण त्याच्या आत आवाज सुपरकोलायडरचाच सर्व्हर काढतो, त्यामुळे नवीन वाद्य घडवायचं तर ते सुपरकोलायडरमधे बनवून आणावं लागतं. चक नावाच्या भाषेत एकेका सॅम्पलचं गणित भाषेतच लिहिता येतं, समजायला फार सोपं, जवारीचं तत्त्व शिकायचं तर तिथंच शिका, पण कामाला जड जातं, माझ्याकडे चार तारा एकदम वाजल्या की आवाज तुटायला लागायचा. फाऊस्ट ही भाषा फ्रान्समधल्या ग्राम या संस्थेचं, त्यात एकदा लिहिलं की त्याच कोडचं सीसाउंडचंही प्लगिन निघतं आणि सुपरकोलायडरचंही. हे मला सगळ्यात पटलंय, फक्त त्याची लिहायची पद्धत नळाला नळ जोडत गेल्यासारखी आहे, ती डोक्यात बसायला मला सोयाबीन काढणीपासून संक्रांत आली.

तर ज्याच्याकडे मशीन बरं आहे, नेट टिकतं आणि समोर बसून लाईव्ह वाजवायचंय त्यानं सुपरकोलायडर घ्यावं. ज्याला माझ्यासारखं एखादं वाद्य घडवून ते चार गावांतल्या मंडळांना द्यायचंय त्यानं सीसाउंड, आणि पहिले सहा महिने फक्त यूडीओ. गठ्ठा १ चा करूनही लॅपटॉपला झेपत नसेल तेव्हाच तेवढा तुकडा फाऊस्टमधे लिहून प्लगिन करावं. माझ्या तानपुऱ्यात आता फक्त पंचमाची तार तशी करायची राहिलीये, तिची जवारी अजून काकांना पटत नाही.